राजवाड्यातील इंग्रजीच्या बाई : ॲना लिओनोवेन्स

परदेशात जाऊन लहान मुलांना इंग्रजी शिकवण्याची नोकरी ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी काही जण अलीकडे थायलंड, व्हिएतनाम, जपान अशा देशांत वर्ष-दोन वर्षांच्या करारावर गेले आणि तिथल्या बालवर्गांना इंग्रजीची मुळाक्षरे शिकवून परतले. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट वारंवार कानी येते. अशा नोकऱ्यांच्या जाहिरातींत पुष्कळदा उमेदवाराची मातृभाषा इंग्रजी असावी अशी अट असते. व्याकरण किती पक्के आहे, उच्चार किती स्वच्छ आहेत, मुलांत मन कितपत रमते, हे सारे नंतरचे. आधी पाहिले जाते ते पारपत्र. मराठी शाळेत शिकून इंग्रजीवर प्रभुत्व मिळवलेल्या मुलामुलींना या एका ओळीपाशी थबकावे लागते.

ही अट वाटते तितकी नवी नाही. कागदावर न लिहिताही ती पूर्वीपासून चालत आलेली आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजवाड्यात राजपुत्रांना आणि राजकन्यांना इंग्रजी शिकवायला एक बाई गेली. तिच्यावर पुढे कादंबरी निघाली, संगीतिका रंगभूमीवर आली, चित्रपट झाले. जगभरच्या प्रेक्षकांनी तिला वेल्समध्ये जन्मलेली, सुसंस्कृत घराण्यातील इंग्रज विधवा म्हणून ओळखले. प्रत्यक्षात ती जन्मली होती अहमदनगरला.

ॲना हॅरिएट एमा एडवर्ड्स हिचा जन्म नोव्हेंबर १८३१ मध्ये झाला. वडील टॉमस एडवर्ड्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सॅपर्स अँड मायनर्स या पलटणीत सार्जंट होते. म्हणजे रस्ते, पूल, खंदक यांची कामे करणाऱ्या लष्करी तुकडीतले कनिष्ठ हुद्देदार. मुलगी जन्मण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. आईचे नाव मेरी ॲन ग्लासकॉट. या दोघांचे लग्न १८२९ साली ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये लागले होते. मेरी ॲनचे वडील मुंबई लष्करात लेफ्टनंट होते. तिच्या आईचे नाव मात्र दप्तरात सापडत नाही. गोऱ्या अधिकाऱ्याच्या मुलांची आई अशी निनावी राहिली, की तिचा अर्थ त्या काळी बहुधा एकच असे, आणि अभ्यासकांचा कलही तिकडेच आहे. ॲनाची आजी भारतीय किंवा मिश्र वंशाची असावी. नातीने पुढे आयुष्यभर जे झाकून ठेवले ते प्रामुख्याने हेच.

ॲना जन्मल्यावर थोड्याच अवधीत आईने पॅट्रिक डोनोहो नावाच्या आयरिश कॉर्पोरलशी लग्न केले. लष्करी कुटुंबाच्या रिवाजाप्रमाणे बदल्या होत राहिल्या आणि १८४१ च्या सुमारास हे कुटुंब गुजरातमधील डीसा येथे स्थिरावले. छावणीचे जग हे उतरंडीचे जग होते. अधिकाऱ्यांचे बंगले वेगळे आणि शिपाई-सार्जंटांच्या बराकी वेगळ्या. बराकीतसुद्धा विलायतेत जन्मलेला वर आणि इथे जन्मलेला खाली, असा हिशेब चाले. अशा घरांतील मुलांना एखाद्या खोलीत चार-पाच कुटुंबांच्या गलबल्यात वाढावे लागे. आईबापांची इंग्रजी, आया आणि खानसाम्यांची हिंदुस्तानी, बाजारातली मराठी या सगळ्या भाषा त्यांच्या कानांवर एकाच वेळी पडत. भायखळ्याला बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची शाळा होती. वडील नसलेल्या किंवा दूर असलेल्या लष्करी मुलांना, मिश्र वंशाच्या मुलांसह, तिथे प्रवेश मिळे. ॲनाचे शिक्षण तिथे झाले असे तिचे चरित्रकार सांगतात. त्या शाळेतून तिने काय काय नेले हे पुढच्या आयुष्यावरून कळते. वाचनाची भूक तिने तिथूनच नेली. साहेबासारखे कसे बोलावे याचा कानही तिथलाच असावा. शिक्षिका म्हणून मला या दुसऱ्या गोष्टीचे अधिक नवल वाटते, कारण इंग्लंडच्या भूमीवर पाऊलही न ठेवलेल्या मुलीने ती भाषा इतकी आत्मसात केली, की जन्मभर कोणाला शंका आली नाही.

तिची थोरली बहीण एलायझा हिचे लग्न पंधराव्या वर्षीच एका सार्जंटशी झाले. या बहिणीच्या मुलीचा मुलगा पुढे हॉलिवूडमध्ये गेला आणि बोरिस कार्लोफ या नावाने फ्रँकेन्स्टाइनच्या चित्रपटातील राक्षस म्हणून गाजला. नाव बदलून नवे आयुष्य उभे करण्याची हातोटी या घराण्यातच होती, असे म्हणायचा मोह होतो.

ॲनाचे लग्न १८४९ च्या नाताळच्या दिवशी पुण्यात झाले. नवरा टॉमस लिओन ओवेन्स, आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातून साधा शिपाई म्हणून आलेला आणि पलटणीच्या पगारखात्यात कारकून झालेला. पहिली मुलगी दीड वर्षाचीही न होता गेली. नशीब अजमावण्यासाठी दोघांनी १८५२ साली हिंदुस्तान सोडला आणि ऑस्ट्रेलियाची वाट धरली. वाटेत जहाजावर जन्मलेला मुलगाही फार काळ जगला नाही. मार्च १८५३ मध्ये ती पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे पोचली. तिथे ॲनाने मुलींसाठी शाळा काढून पाहिली. वसाहत लहान, पैसा तुटपुंजा. तिथेच ॲव्हिस ही मुलगी आणि लुई हा मुलगा जन्मला. हे दोघे जगले. नंतर कुटुंब पेनांगला आले, टॉमसने तिथे हॉटेल सांभाळले आणि मे १८५९ मध्ये तो अचानक वारला. सत्तावीस वर्षांची विधवा, दोन लहान मुले आणि हाताशी काही नाही, अशा स्थितीत ॲना सिंगापूरला आली.

इथे तिच्या चरित्राचे पहिले पान पुसले जाते आणि दुसरे लिहिले जाते. नवऱ्याचे मधले नाव आणि आडनाव जोडून तिने लिओनोवेन्स हे नवे आडनाव पक्के केले. कारकुनाचा लष्करी अधिकारी झाला. अहमदनगरच्या जागी वेल्समधील कार्नार्व्हन आले, १८३१ च्या जागी १८३४ आले आणि एडवर्ड्स या माहेरच्या आडनावाऐवजी क्रॉफर्ड. आई, बहीण, पुण्याच्या छावणीतील सारी नाती तिने तोडली. सिंगापूरच्या इंग्रज समाजात अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवायची, तर बराकीत वाढलेली मिश्र वंशाची विधवा चालणार नव्हती. कोणत्या आईबापाने आपले मूल तिच्याकडे पाठवले असते? तिची इंग्रजी तीच राहिली असती, शिकवण्याचे कसबही तेच, परंतु वर्गात एकही मूल नसते. तिने घेतलेला मार्ग खोटेपणाचा होता हे उघड आहे. त्या खोटेपणाची किंमत तिने नाती तोडून मोजली हेही तितकेच उघड आहे. मी तिला शाबासकी देणार नाही. परंतु दोषाचा मोठा वाटा मी तिच्या पदरात टाकणार नाही. तो त्या अटीच्या पदरात टाकीन.

सिंगापूरची शाळा नीट चालली नाही. अशा वेळी, १८६२ च्या आरंभी, सयामचा सिंगापूरमधील प्रतिनिधी तान किम चिंग याच्यामार्फत तिला बोलावणे आले. सयामच्या राजाला आपल्या राण्या आणि मुले यांच्यासाठी इंग्रजीच्या शिक्षिका हव्या होत्या.

हा राजा कोण होता, हे जाणून घेतल्यावाचून पुढची गोष्ट समजणार नाही. चित्रपटांत दिसणारा आडदांड, हट्टी, विनोदी राजा आणि इतिहासातला राजा मोंगकुट यांच्यात फार अंतर आहे. मोंगकुटने राज्यावर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे बौद्ध भिक्षू म्हणून काढली होती. पालीवर त्याचे प्रभुत्व होते. फ्रेंच बिशपकडून तो लॅटिन शिकला, अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी, आणि ज्योतिर्गणिताचा तर त्याला ध्यासच होता. १८५१ मध्ये तो गादीवर आला तेव्हा पश्चिमेला ब्रह्मदेशात इंग्रज पाय रोवत होते आणि पूर्वेकडून फ्रेंच सरकत होते. १८५५ मध्ये त्याने इंग्रजांशी व्यापाराचा करार केला. आपल्या मुलांना इंग्रजी यायलाच हवी हे त्याने ओळखले, कारण ज्यांच्याशी वाटाघाटी करायच्या त्यांचे म्हणणे दुभाष्याच्या तोंडून ऐकत बसणे राज्याला परवडणारे नव्हते.

यापूर्वीही अंतःपुरात इंग्रजीचे वर्ग झाले होते. बँकॉकमधील अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्नी तिथे शिकवायला जात. परंतु त्यांच्या धड्यांत भाषेपेक्षा धर्म अधिक येऊ लागला आणि ते वर्ग बंद पडले. म्हणून ॲनाच्या नेमणुकीच्या वेळी राजाने स्पष्ट कळवले, की तिने इंग्रजी भाषा आणि पाश्चात्त्य विद्या शिकवावी. धर्मांतराच्या वाटेला जाऊ नये. मराठी माध्यमाच्या शाळेत तीन दशके काढलेल्या माझ्यासारखीला मोंगकुटची ही अट फार जवळची वाटते. परकी भाषा मुलांना द्यायची, उत्तम द्यायची, पण तिच्या बदल्यात त्यांच्याजवळचे काही काढून घेऊ द्यायचे नाही, असे त्याचे धोरण होते. मुलांचे सयामी आणि पालीचे शिक्षण आपल्या जागी चालूच होते. इंग्रजी त्यात भर म्हणून आली.

पगार महिना शंभर डॉलर आणि राहायला घर. ॲनाने थोरल्या ॲव्हिसला इंग्लंडला निवासी शाळेत पाठवले आणि साडेपाच वर्षांच्या लुईला बरोबर घेऊन ती मार्च १८६२ मध्ये आगबोटीने बँकॉकला उतरली. सात वर्षांच्या मुलीला एकटीने दूरदेशी धाडणाऱ्या आईची त्या दिवसांतली अवस्था काय असेल, हे निराळे सांगायला नको.

त्या वेळचे बँकॉक पाण्यावरचे शहर होते. चाओ फ्राया नदीच्या दोन्ही काठांना तराफ्यांवर बांधलेली घरे, कालव्यांचे जाळे, होड्यांतून भरणारा बाजार. गाडीरस्ता म्हणावा असा पहिला मोठा रस्ता त्याच सुमारास बांधायला घेतला गेला होता. येताच पहिला खटका उडाला तो घरावरून. राजाची इच्छा होती तिने राजवाड्याच्या आवारात राहावे. तिचा हट्ट होता बाहेर स्वतंत्र घराचा. तिच्या आठवणींनुसार पहिल्यांदा दाखवलेले घर मासळी बाजाराच्या शेजारचे, घाणेरडे होते आणि ती तिथून परत फिरली. बरेच दिवस प्रधानाच्या वाड्यात पाहुणी म्हणून राहिल्यावर तिला मनाजोगते घर मिळाले. नोकरीवर रुजू होण्यापूर्वीच राजाशी घरावरून वाद घालणारी ही बाई पुढे काय काय करील याची चुणूक दरबाराला तिथेच मिळाली असावी.

मोंगकुटच्या अंतःपुराची गणना आपल्याला चक्रावून टाकणारी आहे. एकूण ३९ राण्या व उपस्त्रिया आणि ८२ अपत्ये, असा आकडा इतिहासकार देतात. अंतःपुर हे स्त्रियांचे एक स्वतंत्र नगरच होते. तिथे स्त्रियांचाच पहारा, दुकाने, बागा, देवळे. अशाच एका देवळाच्या मंडपात ॲनाचा वर्ग भरू लागला. एक लांब मेज, त्याभोवती वीस-एकवीस राजपुत्र आणि राजकन्या, आणि प्रत्येकापुढे वेबस्टरचे स्पेलिंगचे पुस्तक. मुलांच्या मागे दासी बसलेल्या, काही राण्याही आलेल्या. या बाईंना त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना बाईंची. भाषेचा पूल नसताना पहिला तास घेणे म्हणजे काय, हे ज्यांनी पहिलीचा वर्ग घेतला आहे त्यांनाच कळेल. ॲना सयामी शिकू लागली. नकाशे आले, पृथ्वीगोल आला. ज्या देशाला आपण जगाचा मध्य समजत होतो तो नकाशावर एवढासा, हे पाहून मुले बुचकळ्यात पडली.

विद्यार्थ्यांत सर्वांत मोलाचा होता युवराज चुलालोंगकोर्न. ॲना आली तेव्हा त्याचे वय साडेआठ. गंभीर, शिस्तीचा, ऐकून घेणारा मुलगा. १८६६ मध्ये प्रथेप्रमाणे तो काही महिन्यांसाठी विहारात श्रामणेर म्हणून राहिला. इंग्रजीचा अभ्यास त्यानंतरही चालू राहिला. त्याची सख्खी धाकटी बहीण राजकन्या चंद्रमंडल, घरात सगळे तिला फा-यिंग म्हणत, ही बाईंची लाडकी. तिला अक्षरांपेक्षा चित्रांची ओढ होती आणि ती ॲनाजवळ चित्रे काढायला येऊन बसे. मे १८६३ मध्ये बँकॉकमध्ये पटकीची साथ आली आणि आठ वर्षांची ही मुलगी एका दिवसात गेली. शेवटच्या घटकेला राजवाड्यातून ॲनाला तातडीने बोलावणे आले, पण ती पोचेपर्यंत सारे संपले होते. वर्गातले मूल असे जाते तेव्हा हजेरीपटावरचे त्याचे नाव कित्येक दिवस तोंडात येत राहते. स्वतःची दोन तान्ही मुले पुरलेल्या ॲनाने आपल्या पुस्तकात फा-यिंगवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. तिच्या इतर मजकुराबद्दल कितीही शंका घेतल्या जावोत, त्या पानांतल्या दुःखाबद्दल मला शंका वाटत नाही.

राण्यांपैकी सोनक्लिन या राणीचा उल्लेखही करायला हवा. राजाच्या मर्जीतून उतरलेली ही स्त्री इंग्रजीत रमली. ॲनाने लिहिल्याप्रमाणे, गुलामगिरीवरील ‘अंकल टॉम्स केबिन’ ही अमेरिकन कादंबरी तिने पुनःपुन्हा वाचली, तिचे सयामी भाषांतर केले आणि एके दिवशी आपल्या सर्व दासदासींना मुक्त केले.

शिकवण्याखेरीज ॲनाकडे आणखी एक काम आले. राजाचा परदेशांशी इंग्रजीत मोठा पत्रव्यवहार चाले. ती पत्रे तपासणे, नकलून काढणे हे काम तिच्यावर पडले आणि त्यातून कटकटी वाढल्या. राजाला रात्री-अपरात्री बोलावण्याची सवय. तिला नियमाप्रमाणे सुटीची. दाद मागणाऱ्या दासी, पीडित स्त्रिया तिच्या दारी येऊ लागल्या आणि ती त्यांची रदबदली करू लागली, तेही राजाला फारसे रुचले नाही. पगारवाढीची आश्वासने लांबत गेली. प्रकृती ढासळली. पाच वर्षांहून अधिक काळ शिकवल्यावर जुलै १८६७ मध्ये तिने रजा घेतली आणि ती निघाली. निघताना परत येण्याचाच बेत होता.

तो योग आला नाही. मोंगकुटने आपल्या गणिताने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे स्थान आणि वेळ आधीच सांगितली होती. ते पाहण्यासाठी तो दक्षिणेकडील दलदलीच्या वा को या ठिकाणी गेला. ग्रहण त्याच्या आकड्यांबरहुकूम लागले. परंतु तिथून तो आणि युवराज हिवताप घेऊन परतले. १ ऑक्टोबरला राजाचा अंत झाला. पंधरा वर्षांचा चुलालोंगकोर्न आजारातून उठून गादीवर बसला. त्याने आपल्या शिक्षिकेला आपुलकीचे पत्र पाठवले, पण पुन्हा बोलावले नाही. आगंतुक वाटेल, परंतु एक नोंद करावीशी वाटते. १८७२ मध्ये हा तरुण राजा हिंदुस्तानच्या दौऱ्यावर आला आणि मुंबईलाही येऊन गेला. आपल्या बाई याच मुलखात जन्मल्या, वाढल्या, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी ते सांगितले नव्हते.

ॲना अमेरिकेत स्थायिक झाली. न्यूयॉर्कजवळ स्टॅटन बेटावर तिने पुन्हा एक शाळा काढली, आणि मासिकांत लिहू लागली. १८७० मध्ये सयामच्या दरबारातील इंग्रज शिक्षिकेच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या. मागोमाग अंतःपुरातील कथांचे दुसरे पुस्तक. व्याख्यानांची निमंत्रणे आली. अमेरिकेतील गुलामगिरी नुकतीच संपली होती. दासींच्या कहाण्या सांगणाऱ्या, पूर्वेकडून आलेल्या या रुबाबदार विधवेला श्रोते मिळणे स्वाभाविक होते.

या पुस्तकांचे मूल्यमापन करताना हात आखडता घ्यावा लागतो. तिने वर्णिलेली राजवाड्याखालची तळघरातील अंधारकोठडी बँकॉकच्या पाणथळ जमिनीत असणे शक्य नाही, असे जाणकार म्हणतात. एका तरुण उपस्त्रीला आणि भिक्षूला जाहीरपणे जाळल्याच्या तिच्या कथेला दुसरा आधार मिळालेला नाही. सयामची प्रजा आपल्या विद्वान राजाला पूज्य मानते. त्याला क्रूर आणि लहरी रंगवलेले तिला कसे आवडावे? १९४८ मध्ये सेनी आणि कुक्रित प्रमोज या बंधूंनी, जे दोघेही थायलंडचे पंतप्रधान होऊन गेले, मोंगकुटचे स्वतःचे लेखन इंग्रजीत संकलित करून या चित्राला उत्तर दिले. ॲनावरून निघालेला १९५६ चा चित्रपट थायलंडमध्ये दाखवला जात नाही. आणि १९९९ मध्ये तिच्यावरच्या नव्या चित्रपटाला तिथे चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही. तो मलेशियात चित्रित झाला. ज्या घराने आपल्याला मुलांच्या शिक्षणासाठी बोलावले, त्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगताना शिक्षकाने किती सांगावे आणि कसे सांगावे, हा प्रश्न आपल्या व्यवसायात नेहमीच येतो. ॲनाने तो फारसा मनाला लावून घेतला नाही, असे तिची पुस्तके वाचून वाटते. पोटापाण्याची गरज होती हे खरे, तरी मला ते खटकते.

तिच्या विद्यार्थ्याने मात्र राज्य बदलले. चुलालोंगकोर्नने १८७३ मध्ये राजापुढे भुईवर लोटांगण घालण्याची चाल बंद केली. १८७४ पासून गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवायला आरंभ केला आणि १९०५ मध्ये ती पुरती उठवली. रेल्वे, टपाल, शाळा, न्यायव्यवस्था यांची घडी बसवली, आणि आजूबाजूचे देश परकीयांच्या हाती जात असताना सयाम स्वतंत्र राखला. याचे श्रेय बालपणीच्या इंग्रज बाईंना देण्याची पाश्चात्त्य लेखकांना हौस होती आणि ॲनाही ते नाकारीत नसे. इतिहास एवढा सोपा नसतो. वडिलांची दूरदृष्टी, वसाहतवाद्यांचा दबाव, बदलती अर्थव्यवस्था, राजाचा स्वतःचा विचार हे सारे त्यात होते. साडेआठ ते तेरा या वयात कोणते वाक्य मुलाच्या मनात रुजले, हे कोणत्याही शिक्षकाला कधी मोजता येत नाही.

मुलगी ॲव्हिस हिचे लग्न टॉमस फाइश नावाच्या स्कॉटिश बँकरशी झाले आणि ॲना तिच्या कुटुंबाबरोबर कॅनडातील हॅलिफॅक्स शहरी गेली. आता पोटाची चिंता राहिली नव्हती. १८८१ मध्ये झारची हत्या झाल्यानंतर एका नियतकालिकासाठी तिने रशियाचा दौरा करून लेख लिहिले. हॅलिफॅक्समध्ये तिने पुस्तकांची वाचनमंडळे चालवली, स्त्रियांच्या मताधिकारासाठी आवाज उठवला, आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून तिथे कलाशाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. महोत्सव म्हटला की कमानी आणि भोजने यांवरच पैसा संपतो. तिने त्या निमित्ताने शाळा मिळवली. ती संस्था आज कॅनडातील नामांकित कला विद्यापीठ आहे आणि तिथल्या कलादालनाला ॲनाचे नाव आहे. चित्रे काढायला येऊन बसणाऱ्या फा-यिंगची आठवण मला तिच्या चरित्राच्या या भागाशी येताना हटकून होते.

१८८४ मध्ये तिचे हिंदुस्तानावरचे पुस्तक निघाले. त्यात मुंबई आहे, पुणे आहे, दख्खनचा प्रवास आहे, पारशी, हिंदू, मुसलमान यांच्या चालीरीती आहेत. आगगाडी येण्यापूर्वीचा हा मुलूख तिने बारकाईने आणि जिव्हाळ्याने टिपला आहे. मात्र लिहिणारी आहे ती विलायतेहून आलेली एक सुखवस्तू इंग्रज युवती. जिथे आपण जन्मलो, ज्या रस्त्यांवर आपण अनवाणी खेळलो असू, ते सारे पाहुणीच्या नजरेने लिहायचे, आणि लिहिताना कुठे घसरायचे नाही, याला केवढा मनोनिग्रह लागला असेल!

मुलगा लुई मोठेपणी सयामला परतला, बालमित्र चुलालोंगकोर्नच्या घोडदळात अधिकारी झाला आणि पुढे सागवानाच्या व्यापारात त्याने नाव कमावले. १८९७ मध्ये राजा युरोपच्या दौऱ्यावर असताना लंडनमध्ये ॲना त्याला भेटली. ती पासष्ट वर्षांची, तो चव्वेचाळिशीला टेकलेला. तीस वर्षांनी गुरू-शिष्यांची भेट झाली ती इंग्रजीतून, दुभाष्यावाचून.

१९०१ मध्ये ती माँट्रियलला राहायला गेली. नातवंडांच्या अभ्यासावर तिची सक्त नजर असे. त्यांच्यासाठी त्यापूर्वी काही वर्षे तिने जर्मनीतही मुक्काम केला होता. १९ जानेवारी १९१५ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ती माँट्रियल येथे निधन पावली आणि तिथल्या माउंट रॉयल दफनभूमीत तिला मूठमाती मिळाली. मरेपर्यंत तिने आपला जन्म वेल्सचाच सांगितला.

मार्गारेट लँडन या लेखिकेने १९४४ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली तेव्हा घरच्यांकडून मिळालेली हीच माहिती वापरली. १९५१ मध्ये रंगभूमीवर संगीतिका आली. डेबोरा कर आणि यूल ब्रिनर यांचा चित्रपट त्यावरून निघाला, आणि वेल्सची ॲना जगभर घरोघरी पोचली. सत्य उजेडात आणले ते एका कोळीतज्ज्ञाने. म्हणजे जाळे विणणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या डब्ल्यू. एस. ब्रिस्टो या इंग्रज शास्त्रज्ञाने. त्याला लिहायचे होते लुईचे चरित्र. त्यासाठी आईच्या जन्माची नोंद शोधायला गेला तर ती कार्नार्व्हनला सापडेना. तिचा नवरा सैन्याधिकारी म्हणून कुठल्या यादीत मिळेना. शेवटी त्याने मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू यांची जुनी दप्तरे चाळली. १९७६ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ॲनाच्या मृत्यूला एकसष्ट वर्षे झाल्यानंतर तिच्या नावापुढे अहमदनगर हे गाव पुन्हा लिहिले गेले.